किनारी शहरांतील आपत्ती सौम्यीकरण आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना मिळणारे अनुदान : नायगाव-हिंदमाता परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नायगावातून समुद्र दिसत नाही. पूर्वेला शिवडीची खाडी आणि पश्चिमेला दादरची चौपाटी असली तरी बी.डी.डी. चाळी, पोलीस मुख्यालय, गिरण्यांच्या जुन्या जमिनी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू यांच्यामधून फिरणाऱ्याला आपण किनारी वस्तीत आहोत याची जाणीव सहसा होत नाही. पावसाळ्यात मात्र नायगावच्या शेजारच्या हिंदमाता चौकात पाणी किती वेळ साचून राहील, हे पावसाइतकेच भरतीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. म्हणूनच 'किनारी आपत्ती' ही संज्ञा केवळ कोळीवाडे आणि बंदरे यांच्यापुरती मर्यादित ठेवता येत नाही. शहराच्या मध्यभागी राहणारा चाळकरीही तिच्या कक्षेत येतो.

अशा आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी जो खर्च करावा लागतो, तो कोणी करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. केंद्र व राज्य शासनाकडून स्थानिक स्वराज्य संस्थांना मिळणारे अनुदान कोणत्या मार्गाने येते, ते कशासाठी वापरता येते आणि कशासाठी येत नाही, याचे विवेचन येथे नायगाव-हिंदमाता परिसराच्या आधारे केले आहे. अनुदानाची रक्कम अपुरी आहे, अशी तक्रार नेहमीच होत असते. परंतु रकमेपेक्षा अनुदानाचे स्वरूप हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे या उदाहरणावरून दिसते.

भूरचना आणि पर्जन्यजल व्यवस्था

आजचे मुंबई शहर सात बेटांमधील उथळ पाणथळ जागा भरून तयार झाले, हे सर्वश्रुत आहे. परळ, माहीम, वरळी ही बेटे जोडली गेली, पण मधले सखल भाग सखलच राहिले. हिंदमाता चौकाचा परिसर असाच बशीसारखा आहे. आजूबाजूच्या उंच भागांवर पडलेले पाणी डॉ. आंबेडकर मार्गाच्या या खोलगट टप्प्यात येऊन थांबते. तेथून ते भूमिगत वाहिन्यांमधून पूर्व किनाऱ्यावर, रे रोडजवळील ब्रिटानिया पातमुखाकडे न्यावे लागते.

अडचण पातमुखापाशी सुरू होते. मुंबईत पर्जन्यजल समुद्रात, खाडीत अथवा नदीत सोडणारी १८६ पातमुखे मोजली गेली आहेत. त्यांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ सरासरी पातळीच्या वर परंतु भरतीच्या पातळीच्या खाली आहेत आणि केवळ ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. याचा सरळ अर्थ असा की, भरतीच्या वेळी बहुतेक ठिकाणी पाणी आपोआप बाहेर जाऊच शकत नाही. दरवाजे बंद ठेवले नाहीत तर उलट समुद्राचे पाणीच शहरात शिरते. महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, त्यामागील कारण हेच होय.

शिवाय जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी पडेल, असे गृहीत धरून आखलेली होती. पडलेल्या पाण्यापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असाही त्या आखणीचा हिशेब होता. डांबर, काँक्रीट आणि फरशी यांनी आच्छादलेल्या परळ-नायगावात आज निम्मे पाणी मुरण्याइतकी मोकळी जमीन उरलेली नाही.

याची किंमत केवळ वाहतुकीच्या खोळंब्यात मोजणे योग्य नव्हे. के.ई.एम., वाडिया आणि टाटा ही रुग्णालये याच परिसरात आहेत. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत जवळच्याच एल्फिन्स्टन रोड भागात साचलेल्या पाण्यातून पायी घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. रस्त्यावरील पाणी आणि समुद्र हे जमिनीखाली किती जवळ आहेत, ते या दुर्घटनेने शहराला दाखवून दिले.

कायदा आणि निधीची रचना

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ या कायद्याने दोन प्रकारच्या निधींची कल्पना मांडली. आपत्ती आल्यानंतर खर्च करावयाचा तो प्रतिसाद निधी, आणि आपत्तीचा परिणाम आधीच कमी व्हावा म्हणून खर्च करावयाचा तो सौम्यीकरण निधी. प्रतिसाद निधी लवकर अस्तित्वात आला. राष्ट्रीय सौम्यीकरण निधीची तरतूद मात्र कायद्याच्या ४७ व्या कलमात २००५ पासून असूनही तो प्रत्यक्षात २०२१ मध्ये स्थापन झाला. मधली जवळजवळ सोळा वर्षे नुकसान झाल्यावर भरपाई देण्यास पैसा होता, पण नुकसान टाळण्यासाठी स्वतंत्र निधी नव्हता. किनारी नगरांच्या दृष्टीने हा विलंब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी असे विभाजन सुचविले. महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१-२२ मध्ये या दोन्ही मिळून ४,२९६ कोटी रु. आले, त्यात केंद्राचा हिस्सा तीन चतुर्थांश आणि राज्याचा एक चतुर्थांश. म्हणजे सौम्यीकरणासाठी सुमारे ८५९ कोटी रु. झाले. विदर्भ-मराठवाड्यातील दुष्काळ व वीज पडून होणारे मृत्यू, सह्याद्रीतील दरडी, कृष्णाकाठचा पूर आणि कोकण किनाऱ्यावरील चक्रीवादळे या सर्वांसाठी ही एकच रक्कम होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एखाद्या नगरपरिषदेच्या पदरात काय पडू शकते, याचा अंदाज येतो.

येथे दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली, हा निधी राज्याच्या हाती असतो. स्थानिक संस्थेने प्रस्ताव करावयाचा, तो जिल्हा व राज्य पातळीवरून पुढे जावयाचा आणि मंजुरी वरून यावयाची, असा क्रम आहे. दुसरी, सौम्यीकरण निधीतून काय करावे याविषयी आयोगाने घातलेली मर्यादा. स्थानिक पातळीवरील, लोकसहभागाच्या छोट्या उपायांसाठी हा निधी असून समुद्रभिंती, पूरतटबंध यांसारखी मोठी बांधकामे नियमित विकास योजनांतून करावीत, अशी आयोगाची भूमिका होती. तत्त्वतः ती योग्यच आहे. परंतु ज्या शहराची बहुतेक सर्व पातमुखे भरतीखाली बुडतात, तेथे लहान उपाय कोणता आणि मोठा कोणता, हे ठरविणे कागदावर दिसते तितके सोपे नाही.

कदाचित हे जाणूनच त्याच आयोगाने राष्ट्रीय सौम्यीकरण निधीतून सात महानगरांच्या पूर नियंत्रणासाठी २,५०० कोटी रु. वेगळे काढले. मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी, तर बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे यांना प्रत्येकी २५० कोटी. चेन्नईचा प्रस्ताव आधी मंजूर झाला, आणि मुंबईसह उर्वरित सहा शहरांचे २,५१४ कोटींहून अधिक खर्चाचे प्रस्ताव जुलै २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने मंजूर केले. पाच वर्षांच्या कालखंडातील तीन पावसाळे तोपर्यंत होऊन गेले होते आणि चौथा चालू होता.

२००७ चे अनुदान : एक धडा

मुंबईला पूर नियंत्रणासाठी केंद्राचे अनुदान मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९८५ च्या पुरानंतर महानगरपालिकेने सल्लागार नेमून पर्जन्यजल व्यवस्थेचा अभ्यास करविला. १९९३ मध्ये सादर झालेला हा अहवाल 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जातो. ताशी ५० मिलिमीटर पाऊस भरतीच्या वेळीही वाहून नेता यावा, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्या वेळचा अंदाजित खर्च सुमारे ६१६ कोटी रु. होता. अहवाल बव्हंशी कपाटातच राहिला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. (त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरातील पावसाचे हे अंतर शहराच्या एका आकड्यावर आखलेल्या कोणत्याही योजनेला विचार करावयास लावणारे आहे.) त्यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सविस्तर अहवाल दिला, आणि २००७ मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडच्या कामांसाठी सुमारे १,२०० कोटी रु. अनुदान मंजूर केले. जे काम १९९३ मध्ये ६१६ कोटींत होणार होते, त्याची किंमत चौदा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली होती. पुढे नालेरुंदीकरणाच्या आड येणाऱ्या वस्त्यांचे पुनर्वसन, रेल्वेची परवानगी व न्यायालयीन वाद यांमुळे खर्च त्या रकमेच्याही कितीतरी पुढे गेला. वाढलेला बोजा महानगरपालिकेनेच उचलला. अनुदान ठरते ते अंदाजपत्रकावर, काम मात्र प्रत्यक्ष दराने करावे लागते. या दोहोंमधील तफावत नेहमी स्थानिक संस्थेच्या खात्यावर पडते.

योजनेतील आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गजदरबंध ही सहा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नायगाव-हिंदमाता भागाशी थेट संबंध असलेले ब्रिटानिया केंद्र २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. मोगरा आणि माहुल ही दोन केंद्रे मात्र वर्षानुवर्षे रखडली.

माहुलचे उदाहरण विशेष बोलके आहे. शीव, वडाळा, गांधी मार्केट या भागांना त्याचा दिलासा मिळावयाचा होता. त्यासाठी निवडलेली जमीन मिठागराची, म्हणजे केंद्र शासनाच्या अखत्यारीतील होती. ज्या केंद्राने बांधकामासाठी अनुदान मंजूर केले, त्याच केंद्राच्या दुसऱ्या खात्याकडून जमीन मिळत नाही म्हणून काम अडले. अनुदानाच्या आदेशात रक्कम असते. जमीन, कांदळवन तोडण्याची परवानगी आणि दोन खात्यांतील समन्वय त्यात नसतो. महाविद्यालयांतून लोकप्रशासन शिकविणाऱ्यांना समन्वयाचा अभाव या घासून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

हिंदमाताच्या टाक्या आणि त्यानंतरचा प्रश्न

ब्रिटानिया केंद्र सुरू झाल्यावरही हिंदमाता चौक तुंबतच राहिला. सखल भागातून पाणी त्या केंद्रापर्यंत पोहोचेपर्यंतच वाहिन्या भरून जात. तेव्हा महानगरपालिकेने निराळा उपाय योजला. दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली कोट्यवधी लिटर पाणी सामावतील अशा टाक्या २०२१-२२ च्या सुमारास बांधण्यात आल्या. कल्पना अशी की, भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास चौकातील पाणी वाहिन्यांतून, एका बाजूला रेल्वेमार्गाखालून, या टाक्यांत नेऊन काही तास साठवावे आणि ओहोटी लागल्यावर उपसून समुद्रात सोडावे. समुद्राशी झगडण्याऐवजी त्याच्या सवडीने चालण्याचा हा मार्ग होता, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो शहाणपणाचा मानावा लागेल. त्याचा खर्च महानगरपालिकेने स्वतःच्या भांडवली तरतुदीतून केला.

मात्र साठवण टाकी स्वतःहून काहीच करीत नाही. ठरलेल्या वेळी पंप चालू व्हावा लागतो. २०२५ मध्ये नैऋत्य मोसमी पाऊस मुंबईत नेहमीच्या ११ जूनऐवजी २६ मे रोजी दाखल झाला. त्या दिवशी हिंदमाता, गांधी मार्केट, यलोगेट व चुनाभट्टी येथील लघु उदंचन केंद्रे वेळेवर कार्यान्वित नव्हती आणि या कारणास्तव महानगरपालिकेने चालकांना प्रत्येकी १० लाख रु. दंड केला. पाऊस दोन आठवडे आधी आला, एवढ्याने कोट्यवधी रुपयांची व्यवस्था एका सकाळपुरती निरुपयोगी ठरली.

अनुदानाच्या स्वरूपाचा प्रश्न येथे स्पष्ट होतो. पूर सौम्यीकरणाचे बहुतेक अनुदान भांडवली कामासाठी असते. इमारत उभी राहते, छायाचित्रे निघतात, उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि फाईल बंद होते. पंपचालकाचे वेतन, डिझेल, सुटे भाग, गाळ काढणे आणि मे महिन्यातील चाचणी हा सारा महसुली खर्च स्थानिक संस्थेकडे राहतो. अनुदान एकदाच येते, भरती मात्र दिवसातून दोनदा येते. जी संस्था महसुली खर्च पेलू शकत नाही, तिला मोठे भांडवली अनुदान देणे म्हणजे पुढील काळातील बंद यंत्रसामग्रीची तरतूद करणे होय.

स्वतःचे उत्पन्न : कापसाच्या गाठीपासून जकातीपर्यंत

नायगावची बी.डी.डी. चाळ ही या चर्चेत केवळ भौगोलिक खूण नाही. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे या चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. त्या योजनेला पैसा पुरविण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या उद्योगासाठी कामगार आले, त्याच उद्योगाच्या मालावर कर घेऊन त्यांची घरे बांधावयाची, हा विचार आजही लक्ष वेधून घेतो. (त्याच विभागाने हाती घेतलेल्या बॅक बे भरावाचा खर्च इतका गाजला की १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा जुने ते सर्व सोने मानण्याचेही कारण नाही.)

पुढे मुंबईचा मुख्य आधार जकात हा राहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात संपली. तिच्या बदल्यात राज्य शासनाने कायदा करून नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. पहिला मासिक हप्ता सुमारे ६४७ कोटी रु. होता आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. रकमेचा विचार करता तोटा झाला नाही असे म्हणता येईल. परंतु स्वतः वसूल केलेला कर आणि मंत्रालयातून येणारा धनादेश यांत स्वायत्ततेच्या दृष्टीने फरक आहे, आणि अनपेक्षित खर्च उद्भवल्यास दर वाढविण्याचा पर्यायही दुसऱ्या प्रकारात उरत नाही.

तरीही मुंबईची स्थिती अपवादात्मक आहे. २०२५-२६ चा महानगरपालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रु. होता. सौम्यीकरण निधीतील ५०० कोटी एका वर्षात मिळाले असते तरी ते त्याच्या एक टक्क्याहून कमीच भरले असते. म्हणूनच हिंदमाताच्या टाक्यांसाठी तिला कोणाची वाट पाहावी लागली नाही. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत येथे लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि प्रशासकाच्या हाती कारभार होता, ही बाबही येथे सांगणे भाग आहे. कोणत्या चौकासाठी आधी खर्च करावा, यावर नायगावच्या वतीने सभागृहात बोलणारा नगरसेवक त्या काळात नव्हता.

लहान किनारी नगरे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग येथील घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि वीजपुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. या किनाऱ्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका सौम्यीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता आणि त्यातून अलिबागसारख्या ठिकाणी वीजतारा भूमिगत करण्याचे काम हाती घेण्यात आले. काम उपयुक्त होते, यात शंका नाही. पण ते वीज कंपनीने करावयाचे होते. नगरपरिषद त्यात मुख्यतः रस्ता खोदण्यास परवानगी देणारी संस्था होती.

नगरपरिषदेने स्वतः प्रस्ताव करावा म्हटले तर सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. त्यासाठी भरतीच्या नोंदी, जमिनीच्या पातळ्यांची मोजणी, जलशास्त्रीय अभ्यास आणि लाभ-व्यय विश्लेषण हवे. मुंबईकडे पर्जन्यजल वाहिन्यांसाठी स्वतंत्र खाते आहे. लहान नगरपरिषदेत पाणी, रस्ते, इमारती आणि गटारे या सर्वांचा भार मोजक्या अभियंत्यांवर असतो. परिणामी ज्याला अनुदानाची गरज कमी, त्याचाच प्रस्ताव उत्तम तयार होतो.

ही विषमता भारतापुरती नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानंतर सुरू झालेल्या 'ब्रिक' या योजनेत स्थानिक शासनांच्या सौम्यीकरण प्रकल्पांना साधारणपणे ७५ टक्के संघीय साहाय्य मिळत असे. तेथेही उरलेला एक चतुर्थांश हिस्सा व तांत्रिक अर्ज यांमुळे लहान गावे मागे पडतात, अशी टीका होत होती. एप्रिल २०२५ मध्ये ती योजना बंद करण्याची घोषणा झाली आणि अनेक राज्यांना न्यायालयात जावे लागले. भारतातही हिश्श्याची अट आहेच. राष्ट्रीय निधीतून २५० कोटींपर्यंतच्या साहाय्यास राज्याने १० टक्के, ५०० कोटींपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे २५ टक्के भार उचलावा, असे पंधराव्या वित्त आयोगाने सुचविले होते.

अधिकार आणि निधी

७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले. त्यांत अग्निशमन आहे, नगरनियोजन आहे, परंतु आपत्ती व्यवस्थापन नाही. कायद्याने सोपविलेले कर्तव्य आणि घटनेने दिलेला विषय यांतील ही दरी तशीच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ४१-अ हे नवे कलम घातले. त्यानुसार राज्याची राजधानी आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी राज्य शासन नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापू शकते. आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतील. शहराचा आपत्ती आराखडा त्याने करावयाचा आहे. पंप केव्हा तपासावा, चौकाचौकांत कोणी थांबावे, मिठागराच्या जमिनीसाठी कोणाशी बोलावे, हे सारे अशा आराखड्यात येऊ शकेल. त्या प्राधिकरणासाठी वेगळा निधी मात्र कलमात नाही. आणि श्रीवर्धन, मुरूड, मालवण, वेंगुर्ले या नगरपरिषदा महानगरपालिका नसल्याने त्या कलमाच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत.